कळ

बुधवारी सकाळी कंपनीची गाडी गाठायच्या घाईत जस्मीन चपला घ्यायला मोरीकडं वळली आणि जागीच थबकली. मोरीच्या उंबऱ्याला लागून ससा फरशीवर पडला होता. झोपला नव्हता. पुढचे पाय लांब ताणलेले, ढुंगण जरासं वर उचललेलं आणि पोट तेवढं त्या ओल्या गार फरशीला दाबून धरलेलं. कान पाठीला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. एरवी क्षणभर गप्प न बसणारं त्याचं नाकही जवळजवळ थांबलं होतं. दिवाळी होऊन गेली होती, पौडात पहाटे तोंडातून वाफ निघावी अशी थंडी पडू लागली होती. पिंजऱ्यात तरन्नुमनं त्याच्यासाठी गोधडीचा ऊबदार तुकडा अंथरला होता. तो सोडून हा गार फरशीवर का पडावा, असा प्रश्न जस्मीनच्या मनात पुरता उमटायच्या आतच तिच्या पोटानं उत्तर दिलं. उजव्या कुशीत, टाक्यांच्या जुन्या व्रणाखाली काहीतरी आकसलं. ही पडण्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती. अशी ती स्वतः पडली होती. माले गावी, सासरच्या स्वयंपाकघरात, कुणी नसताना कपडा वर सारून उघडं पोट शहाबादी फरशीला लावून. कळ आली की दगडाचा गारवा थोडा वेळ तरी कळीच्या आणि आपल्या मधे येऊन उभा राहतो, म्हणून.

"आपा, डबा घेतला का?" तरन्नुमनं ओट्यापासून विचारलं.

"घेतला," जस्मीन म्हणाली. तिनं सशाला ओलांडलं, चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर पडली.

गाडीत खिडकीशी बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे आज पहिल्यांदा पाहिलेलं नाही. काल संध्याकाळीच पाहिलं होतं. तरन्नुमनं कोथिंबिरीची काडी पुढं धरली तेव्हा सशानं ती ओढली, तोंडात घेतली, एका बाजूनं दोनदा चावली आणि टाकून दिली. हनुवटीखालचे केस ओले होते. रात्रीच्या जेवणाआधी घर झाडायचं काम जस्मीनचं, त्यामुळं पिंजऱ्याखालच्या लेंड्या रोज तिच्याच केरसुणीखाली यायच्या. हरभऱ्याएवढ्या टणक गोल असायच्या त्या काल मोहरीएवढ्या झाल्या होत्या, आणि आज सकाळी नव्हत्याच. तिनं यातलं काही मुद्दाम पाहिलं नव्हतं. पाहणं हा तिचा धंदाच होता. पिरंगुटच्या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं पट्ट्यावरून सरकत यायची, वरून पांढरा दिवा, आणि तिनं नुसतं बसून पाहायचं. केसाएवढी चीर असलेलं झाकण आलं की डोळा तिला न विचारता तिथं अडायचा आणि हात ते उचलून रिजेक्टच्या खोक्यात टाकायचा. डोळ्याला दया नसते, मायाही नसते. तो अडतो. गाडी घोटवडे फाट्यावरून पुढं निघाली, दोन्ही बाजूंना भाताची काढणी झालेली खाचरं कोरडी पडली होती, आणि जस्मीनच्या मनात एक वाक्य तयार होऊन बसलं. ते वाक्य तिनं घरी म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायचं नाही हेही तिनं उंबऱ्यातच ठरवून टाकलं होतं. तरन्नुम, ह्याच्या पोटात दुखतंय.

तरन्नुम तिच्या धाकट्या भावाची, फारूकची बायको. फारूकचं पौडच्या बाजारात पाइप-नळांचं दुकान. घर वडिलांचं, मागची खोली जस्मीनची. माल्याहून ती परत आली तेव्हापासून त्या खोलीबद्दल कुणी कधी एक शब्द काढला नव्हता. तरन्नुमनं तर नाहीच. सकाळी डबा, संध्याकाळी चहा, ईदेला कापड, ताप आला तर कपाळावर ओली घडी. तरन्नुमच्या वागण्यात बोट ठेवायला जागा सापडायची नाही, आणि जस्मीनला नेमकं तेच सोसवत नसे. भांडण झालं असतं तर त्यातून काहीतरी बाहेर पडलं असतं. इथं सगळं साय धरल्यासारखं वरून गुळगुळीत. डब्यातली भाजी चवीची असायची आणि प्रत्येक घासाबरोबर जस्मीनला वाटायचं, ही मला फेडतेय. मला फेड नकोय.

ससा फारूकच्या लेकीच्या, मन्तशाच्या वाढदिवसाला आणला होता. आठवड्यातच पोरीचं मन उडालं आणि तो तरन्नुमचा झाला. नाव तिनंच ठेवलं, सुलतान. चहात बुडवलेलं बिस्किट, भिजवलेले पोहे, पावाचा मऊ भाग, असं सगळं ती त्याला भरवायची. गवत कधीतरी, आठवण झाली तर. दुपारी घरात कुणी नसलं की ती जमिनीवर आडवी होऊन त्याच्याशी बोलायची. सुट्टीच्या दिवशी भिंतीपलीकडून जस्मीनला ते ऐकू यायचं. "माझा राजा तू. कुणाचा हायेस? सांग की, कुणाचा हायेस?" फारूकशी बोलताना, पोरीशी बोलताना, देवाशी बोलतानासुद्धा तरन्नुमचा आवाज एवढा मऊ होत नसे. जस्मीन डोळे मिटून पडायची आणि तिच्या कानात त्याच आवाजातलं दुसरं वाक्य घुमायचं. ते तिनं कधी स्वतः ऐकलेलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यापासून ते तिला तरन्नुमच्याच आवाजात ऐकू येत आलं होतं.

तेव्हा तरन्नुम नवी नवरी होती. जस्मीन माल्याला शब्बीरच्या घरात नांदत होती आणि तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. पहिल्या दिवशी तिनं ते कुणाला सांगितलं नाही. त्या घरात सांगायची पद्धत नव्हती. शब्बीरच्या थोरल्या भावजयीनं एकदा पाठ दुखते म्हटलं होतं तर सासू हुसेनबी सगळ्यांदेखत हसली होती, आणि ते हसू जस्मीन विसरली नव्हती. ती भाकऱ्या करत राहिली. मधेच वाकायची, मधेच चुलीजवळ बसून गुडघे पोटाशी घ्यायची, आणि कुणाचं पाऊल वाजलं की ताठ व्हायची. दुसऱ्या दिवशी तिला ताठ होता येईना. तेव्हा हुसेनबीनं पौडला फोन केला. फारूक दुकानात होता, अम्मी आजारी होती, फोन तरन्नुमनं उचलला. "तुमची पोरगी पोट धरून बसलीया, काय करू?" हुसेनबीनं विचारलं. आणि या घरात येऊन जिला पुरतं वर्षही झालं नव्हतं, जिनं जस्मीनला धड पाहिलंही नव्हतं, ती पोरगी म्हणाली, "आपाला सवयच हाय तशी. लहानपणापास्नं पोटात दुखतंय म्हणत्यात. नाटक असंल, उठतील." एवढंच. हुसेनबीनं फोन ठेवला, बाहेर येऊन शब्बीरला म्हणाली, "माहेरच्यांनीच सांगितलं. नाटक हाय." मग आणखी दोन दिवस गेले. त्यानंतर जीप, डोळ्यांपुढं आलेली अंधारी, आणि डॉक्टरांचा चिडलेला आवाज. इतके दिवस काय करत होता तुम्ही? आतलं अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. ती जगली. पण मूल होणं आता कठीण, असं जेव्हा सांगितलं गेलं, तेव्हा शब्बीर खिडकीबाहेर बघत होता, आणि पुढं तो तिच्याकडं कधी नीट बघू शकलाच नाही. तिला पौडला पाठवताना हुसेनबी दारात उभी राहून म्हणाली होती, "माझ्यावर राग धरू नगंस बाई. तुझीच भावजय म्हनली व्हती." तेवढं एक वाक्य गाठोड्यात बांधून जस्मीन माहेरी आली. अम्मी पोरीच्या लहानपणच्या गमती सांगायची, परीक्षा आली की हिच्या पोटात दुखायचं, असं सगळ्यांना हसून सांगायची, त्यातूनच नव्या सुनेनं ते उचललं असणार, हेही जस्मीनला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. अम्मी मेली. तरन्नुम होती.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या आवारातल्या लिंबाखाली बसून तिनं मोबाइलवर पाहिलं. ससा खात नाही, एवढंच टाकलं. जे वाचायला मिळालं ते तिला माहीतच होतं असं वाटलं. ससा दुखणं दाखवत नाही. रानात जो लंगडतो, जो कण्हतो, तोच आधी उचलला जातो. म्हणून तो गप्प बसतो, कोपरा धरतो, अंग चोरतो, कान मागं टाकतो. स्वतःला चाटून स्वच्छ करणं सोडतो. आवडीचं पुढं आलं तरी तोंड फिरवतो. दात एकमेकांवर घासतो. मऊ खाऊन खाऊन मागच्या दाढांना टोकं येतात, ती जीभ-गाल फाडतात, मग खाणं तुटतं, खाणं तुटलं की पोट थांबतं, पोट थांबलं की वायू धरतो. एक दिवस न खाणंसुद्धा जिवावर बेतू शकतं, असं खाली ठळक अक्षरात होतं. जस्मीननं ते दोनदा वाचलं. तिच्या बोटाखाली तरन्नुमचा नंबर होता. समोर तरन्नुमनंच दिलेला डबा उघडा होता, मेथीची भाजी, वर लोणच्याची फोड. नुसता फोन लावायचा, तीन शब्द बोलायचे. तिनं पडदा बंद केला, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवली. चव लागली. त्या चवीचीच तिला आतून भीती वाटली. उरलेली पाळीभर तिनं एकही वाईट झाकण सोडलं नाही. सुपरवायजर अमोल मागं येऊन म्हणाला, "आज फॉर्मात आहात, मॅडम." तिनं मान वर केली नाही.

संध्याकाळी ती घरी आली तर तरन्नुम पिंजऱ्यापुढं मांडी घालून बसली होती. पुढ्यात कोथिंबीर, गाजर, बिस्किटाचे तुकडे. ससा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात कुबड काढून बसला होता, भिंतीकडं तोंड करून.

"रुसलाय बघा," तरन्नुम हसत म्हणाली, पण हसू तोंडभर पसरलं नाही. "काल मन्तशा ओरडली ना त्याला, तवाधरनं असाच हाय."

"मी नाही ओरडले," मन्तशा आतून म्हणाली. "अम्मी, तो आजारी असेल."

"गप. आजारी असता तर ओरडला नसता का? मांजरं ओरडत्यात, कुत्री ओरडत्यात." तरन्नुमनं मान वळवून जस्मीनकडं पाहिलं. "आपा, तुमाला काय वाटतं?"

पुढं कितीतरी दिवस जस्मीन या क्षणाकडं परत परत जात राहिली. तिला कुणी गाठलं नव्हतं, ढकललं नव्हतं. तिला सरळ विचारलं होतं. विचारणारीच्या डोळ्यांत साधी काळजी होती, आणि उत्तर तिच्या जिभेवर होतं, दुपारीच वाचून पक्कं झालेलं. आणि त्याच जिभेवर दुसरंही एक उत्तर कितीतरी वर्षं वाट बघत बसलेलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, दुपट्टा सारखा केला, सशाकडं एकदा पाहिलं. त्याच्या कुबडाकडं, ओल्या हनुवटीकडं, थांबलेल्या नाकाकडं. आणि तोंड फिरवून म्हणाली, "काय न्हाई. नाटक असंल. उठंल."

तरन्नुमच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, झरकन, पाण्याखालून मासा जावा तसं. ते ओळखणं होतं की नुसती दिव्याची सावली होती, हे जस्मीनला कळलं नाही. तिला वाटलं होतं हे वाक्य बाहेर पडलं की छाती हलकी होईल. हलकी झाली नाही. पण तोंडात गोड काहीतरी विरघळल्यासारखं झालं, क्षणभरच, आणि मग जेवताना पाणी प्यायलं तरी ते जाईना.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मन्तशा शाळेत गेली, फारूक रिह्याला कुणाच्या फार्महाउसवर पाइप टाकायला टेम्पो घेऊन गेला. जस्मीन तिच्या खोलीत पडून होती आणि भिंतीतून आवाज येत होता. करकर, थांबून पुन्हा करकर. दोन गारगोट्या कुणी ओल्या फडक्यात गुंडाळून एकमेकींवर घासाव्यात तसा. दात खाणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. माल्याला तिनं दात खाल्ले होते ते ओरडणं आत राहावं म्हणून. झोपेत पोरं दात खातात, रागात माणसं दात-ओठ खातात, आणि ही तिसरी तऱ्हा, हिला आपल्याकडं वेगळा शब्दच नाही. तेवढ्यात तरन्नुम दारात आली. तोंड उजळलेलं. "आपा, ऐकताय का? मांजरासारखं घुरघुरतोय बघा. बरं वाटतंय त्याला." जस्मीन उठून बसली. तिला तरन्नुमचा एवढा राग पूर्वी कधी आला नव्हता. ज्याला राजा म्हणतेस, ज्याच्याजवळ लोळतेस, त्याचं कण्हणं तुला लाडिक वाटतं? तुला कुणाचंच काही कधी ऐकू आलं नाही. आणि त्या रागाच्या तळाशी, गाळात पाय रुतावा तशी, तिची तीच रुतली. मला तर ऐकू येतंय. काल दुपारपासून, परवापासून येतंय.

तरन्नुम परत गेली. थोड्या वेळानं आवाज थांबला आणि मग तरन्नुमची हाक आली, ती हाक नव्हतीच, नुसता वर गेलेला श्वास होता. "आपा! कान गार पडलेत ह्याचे." जस्मीन गेली तेव्हा तरन्नुमनं सशाला मांडीवर घेतलं होतं. तो कुठंही धरला तरी चालेल असा झाला होता, एरवी उचललं की लाथा झाडणारा हा प्राणी. तरन्नुमनं गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्यानं सशाचं बावधनला बघतात असं सांगून तिथला नंबर दिला. "स्कूटी काढा, आपा. रिक्षा मिळायची न्हाई आता. काढा ना." जस्मीनच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो संपवला. सावकाश, तळाशी साखर राहिली होती ती फिरवून. तरन्नुम तिच्याकडं बघत उभी होती, ओरडली नाही, फक्त बघत होती. मग जस्मीननं किल्ली घेतली. दया आली म्हणून घेतली असं तिला कधी म्हणता आलं नाही. तो आवाज परत सुरू होईल आणि आपण भिंतीअलीकडं पडून असू, एवढंच तिला नको झालं होतं.

तरन्नुम मागं बसली. ससा दुपट्ट्यात गुंडाळून दोघींच्या मधे. अंबडवेट मागं पडलं, पिरंगुटला ट्रकांची रांग लागली होती, आणि गाडी खड्ड्यात आदळली की तो गोळा जस्मीनच्या पाठीला दाबला जायचा. पिरंगुटच्या घाटात तो आवाज परत सुरू झाला. आता तो कानाला येत नव्हता, इंजिनच्या घरघरीत कसा येणार? तो थेट पाठीच्या मणक्यात येत होता, बारीक, खरबरीत, अंगात शिरणारा. तिच्या पाठीवर कुणीतरी दात खात होतं. तिला वाटलं, गाडी थांबवावी, उतरावं, ह्या दोघांना इथंच घाटात सोडून चालत पुढं जावं. मग वाटलं, जोरात न्यावी. ती यातलं काहीच करेना, गाडी आपल्या चालीनं वळणं घेत राहिली. भुकूम गेलं. भूगावच्या गर्दीत तरन्नुम कानाशी म्हणाली, "जगंल ना?" जस्मीन म्हणाली, "मला काय ठाव?" आणि हे खोटं नव्हतं, तरी खोट्यासारखं लागलं.

बावधनच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेले, बोलणं पुण्याचं. तिनं सशाला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, कानाला हात लावला, लहानशी बॅटरी लावलेली नळी तोंडात घालून पाहिली. "दाढा वाढल्यात, जिभेला जखम आहे. पोट पूर्ण थांबलंय." मग मान वर केली. "कधीपासून खात नाहीये? नीट आठवून सांगा, कारण त्यावर मला ठरवायचंय काय द्यायचं ते."

"काल संध्याकाळपास्नं," तरन्नुम म्हणाली. "म्हणजे रुसला असंल वाटलं व्हतं."

जस्मीन दाराशी उभी होती. तिला काही बोलायचं नव्हतं. सशाची मान डॉक्टरच्या तळव्यात विसावली होती आणि त्याचा उघडा डोळा तिच्याकडं होता, पण त्यात काही विनवणी नव्हती, सशाच्या डोळ्यात ती नसतेच. नुसता तपकिरी गोल. पट्ट्यावरून चिरलेलं झाकण पुढं निघून चाललं असावं आणि हात आपोआप जावा, तसं तिचं तोंड उघडलं.

"मंगळवारी संध्याकाळपास्नं. कोथिंबीर वढली, पर एका बाजूनं चावून टाकली. हनुवटी वली व्हती. लेंड्या बारीक झाल्या, मोहरीसारख्या. बुधवारी सकाळी न्हव्त्याच. बुधवारी सकाळी मोरीपाशी गार फरशीवर पोट दाबून पडला व्हता. संध्याकाळी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड. आज पहाटंपास्नं दात खातोय."

डॉक्टर भराभर लिहीत होती. "छान. हे फार उपयोगाचं झालं. बरं झालं तुम्ही एवढं लक्ष ठेवलंत," ती जस्मीनला म्हणाली आणि सशाला घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. समोर एक बाई मांडीवर पोपटाचा पिंजरा घेऊन बसली होती, पोपट सारखा शीळ घालत होता. तरन्नुमचा दुपट्टा मांडीवर रिकामा पडला होता, त्याला पांढरे केस चिकटलेले. ती ते एकेक करून काढत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तुमाला मंगळवारी कळलं व्हतं?"

"व्हय."

"आन काल मी विचारलं तवा?"

"तवा बी."

पोपटाची बाई आत गेली. जस्मीनला वाटलं, आता ही रडेल, शिव्या देईल, तोंडात मारेल. त्यासाठी ती आतून तयार झाली, अगदी वर्षानुवर्षं तयार असल्यासारखी, आणि स्वतःच पुढं सरसावली. "तू माल्याला फोनवर काय म्हनली व्हतीस, ध्यानात हाय का?"

"हाय." तरन्नुमनं केस काढणं थांबवलं. "हुसेनबी तुमाला सांगणार हे बी मला तवाच कळलं व्हतं. तुमी घरात आल्या त्या दिवसापास्नं वाट बघतीया मी. आज म्हणतील, उद्या म्हणतील. डबा भरताना वाटायचं, आज डबा फेकून मारतील अंगावर. मारला असता तर बरं झालं असतं." तिचा आवाज वर गेला नाही. "पर एक सांगते. अम्मी हसून सांगायच्या ते मी ऐकलेलं. मला खरंच वाटलं व्हतं नाटक हाय. मी एकोणीस वर्षांची व्हते, मला कळलं न्हवतं, आपा. तुमाला कळलं व्हतं."

जस्मीननं तोंड उघडलं. बोलण्यासारखं कितीतरी होतं, पोटभर पू होता, खिडकीबाहेर बघणारा शब्बीर होता, न झालेली मुलं होती. हे सगळं आजवर तिच्या बाजूनं उभं होतं, भक्कम, भिंतीसारखं, आणि ती त्याला पाठ लावून बसत आली होती. तरन्नुमच्या त्या वाक्यानं भिंत पडली नाही. ती तशीच होती. फक्त आता जस्मीन तिच्या अलीकडं नव्हती. पलीकडं, जिथं हुसेनबी होती, जिथं हसणारी माणसं होती, तिथं ती उभी होती, आणि तिथं तर हुसेनबीलाही एवढं दिसलं नव्हतं. "तुझी माझी बरोबरी न्हाई," तिला म्हणायचं होतं. ते दोन्ही अंगांनी खरं होतं, म्हणून तिला म्हणता आलं नाही.

ससा जगला. पोट हळूहळू चालू झालं. पुढच्या आठवड्यात भूल देऊन दाढा घासल्या. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस गवताची पूड पाण्यात कालवून पिचकारीनं भरवायची होती, आणि हे एकट्या माणसाला जमत नाही. एकानं टॉवेलात गुंडाळून धरायचं, दुसऱ्यानं गालातून पिचकारी घालायची. फारूक दुकानात, मन्तशाचे हात लहान. "तुम्ही बघत जा," निघताना डॉक्टर जस्मीनला म्हणाली होती. "दुखतंय की नाही ते तुम्हालाच आधी कळेल." तरन्नुमनं ते ऐकलं होतं. घरी तिनं फारूकला काही सांगितलं नाही. पण तिनं आपा म्हणणं सोडलं. तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायची नव्हती, म्हणून ती हाकच मारत नसे. संध्याकाळी टॉवेल जमिनीवर अंथरला की जस्मीननं आपल्या खोलीतून यायचं, बसायचं, धरायचं. मन्तशा दोघींकडं आळीपाळीनं बघायची आणि मग अभ्यासाला निघून जायची. ससा हातात असताना जस्मीनला त्याच्या फासळ्यांतून सगळं समजत होतं. कधी अंग घट्ट होतं, कधी सैल सुटतं, कुठल्या घोटाला त्रास होतो. ती ते मनात ठेवायची. कुणी विचारत नव्हतं.

दाढा घासल्यानंतर काही दिवसांनी, एका संध्याकाळी, पिचकारीच्या दोन घोटांमधे ससा तिच्या मांडीवर हलला. मागचे पाय रोवून तो उठून बसला, दोन्ही पंजे तोंडाजवळ नेले आणि नाकावरून, गालांवरून, कानांवरून फिरवायला लागला. कान एकेक करून खाली ओढून चाटू लागला. नाक जोरात चालत होतं. जस्मीनचा हात त्याच्या पाठीवर होता आणि पाठ मऊ होती.

"आता दुखत न्हाई त्याला," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत ती या खोलीत पहिल्यांदाच बोलली होती. तरन्नुमनं पिचकारी वाटीत ठेवली. तिनं सशाकडं पाहिलंच नाही, जस्मीनच्या चेहऱ्याकडं पाहिलं. नीट, डोळे बारीक करून, पट्ट्यावरचं झाकण दिव्याखाली धरून पाहावं तसं. मग फोन घेतला आणि तिथंच, समोर बसूनच, नंबर लावला.

"मॅडम, मी पौडहून बोलतेय, सुलतानची. तो दोन्ही पंजांनी तोंड धुतोय. हे चांगलं का वाईट? ... नाही हो, घरात सांगण्यासारखं कुणी नाही. म्हणून तुम्हाला विचारलं."

फोनमधला आवाज बारीक होता, तरी जस्मीनला शब्द ऐकू आले. दुखणं थांबलंय, असंच त्या डॉक्टरणीनं सांगितलं. तरन्नुमनं "बरं, मॅडम" म्हणून फोन ठेवला, वाटीतली पिचकारी पुन्हा भरली, टोक पुसलं.

"धरा," ती म्हणाली.

जस्मीननं धरलं.